तळ्याच्या अलीकडे

माझा दवाखाना माणदेशात आहे. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घाटमाथ्यावर बरसून रिकामे झालेले ढग आमच्या डोक्यावरून जातात. उजाड माळ, ओढ्यांची कोरडी पात्रे आणि उन्हाने पांढरी पडलेली वाट हे आमचे रोजचेच चित्र. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात बारा दिवसांची रजा घेऊन मी हिमालयातल्या एका वाळवंटात चालायला निघाले आहे, हे कळल्यावर दवाखान्यातला कंपाउंडर न राहवून म्हणाला, "मॅडम, माळ बघायला एवढ्या लांब कशाला?"

मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण माझा थोरला भाऊ होता.

दादा ६८ वर्षांचा आहे. पाटबंधारे खात्यातून तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी वहिनीच्या हाताला कंप सुटला. पुढची नऊ वर्षे त्याने कंपवाताच्या त्या रुग्णाची एकहाती शुश्रूषा केली. गोळ्यांच्या वेळा, जेवणाचे घास, रात्री दोनदा उठून कुशीवर वळवणे, हे सारे तो एका खिशातल्या वहीत टिपून ठेवी. धरणाच्या पाण्याची पातळी रोज नोंदवणाऱ्या हातांना ती सवयच होती. त्या नऊ वर्षांच्या वह्यांमध्ये स्वतः दादाविषयी मात्र एकही ओळ नाही. एकदा वहिनीचा रक्तदाब मोजून झाल्यावर मी तो पट्टा सहज त्याच्या दंडाला बांधला, तर वरचा आकडा १८० निघाला. "डोकं दुखत नव्हतं का रे?" असे विचारले, तर म्हणाला, "दुखायचं. पण त्यात काय सांगायचं?" गेल्या हिवाळ्यात वहिनी गेली. त्यानंतर तो घरातल्या घरात, जणू अजूनही कोणाची झोप मोडू नये अशा बेताने, पाय न वाजवता वावरू लागला. त्याला बाहेर काढायला हवे होते. कुठे जावेसे वाटते, असे विचारल्यावर बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "पाऊस नसताना भरून वाहणारी नदी बघायची आहे."

म्हणून आम्ही हिमाचल प्रदेशातल्या स्पीतीला गेलो. हिमालयाच्या मुख्य रांगांच्या पलीकडे वसलेले हे खोरे शीत वाळवंट म्हणून ओळखले जाते. मोसमी ढगांना उंच रांगा अडवतात, म्हणून इथे पाऊस अगदी तुटपुंजा पडतो. नदी जगते ती हिम आणि हिमनद्या वितळून आलेल्या पाण्यावर. आमच्या माणदेशासारखीच ही पर्जन्यछाया, फक्त डोंगर कितीतरी पटींनी थोरले.

स्पीतीला जाण्याचे दोन मार्ग आहेत. मनालीकडून गेल्यास माणूस फार लवकर फार उंच पोहोचतो. शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमार्गे गेल्यास दिवस जास्त लागतात, पण उंची हळूहळू वाढते. डॉक्टर असल्याने मी दुसरा मार्ग निवडला होता आणि मुक्काम मोजूनमापून ठरवले होते: सुमारे २,९६० मीटर उंचीवरच्या कल्पाला दोन रात्री, ३,२८० मीटरवरच्या ताबोला तीन, आणि मग ३,८९० मीटरच्या आसपास असलेले धनकर. या कागदाचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

कल्पाच्या पुढे दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद राहिला. परतीची तिकिटे ठरलेली होती. तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली, तेव्हा मी तो सुंदर कागद काढला आणि ताबोच्या तीन रात्रींतल्या दोन खोडून टाकल्या. एखाद्या रुग्णाच्या मुलाने असे केले असते, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

धनकर हे एकेकाळी स्पीतीच्या राजधानीचे गाव होते. वाऱ्यापावसाने झिजून सुळके झालेल्या मातकट कड्यावर तिथली जुनी गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, घरट्यासारखी बसलेली आहे. खाली दरीत स्पीती आणि पिन या दोन नद्यांचा संगम दिसतो. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. ज्या घरी उतरलो, तिथल्या आजींनी संध्याकाळी थुक्पा वाढला. भाज्या घातलेले, शेवयांचे ते गरम कालवण मी दोनदा घेतले. दादाने अर्धा वाडगा बाजूला सारला. "चव वेगळी आहे, सवय नाही," असे म्हणाला. मी बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला. माझा आकडा ८५, त्याचा ८७. त्या उंचीला दोन्ही आकडे अपेक्षेप्रमाणेच होते आणि त्याचा माझ्यापेक्षा सरस होता. समाधानाने मी विचारले, "दादा, काही त्रास नाही ना?"

"छे गं. मला काय होणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न संपवताच तो बूट घालून दारात उभा होता. चहाचा पेला भरलेला राहिला, हे मी पाहिले होते. पाहिले होते, एवढेच.

गावामागून एक पायवाट धनकरच्या तळ्याकडे चढते. तळे ४,१०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. गावापासून तास-दीड तासाची चाल, पण चढ अंगावर येणारा. सकाळच्या त्या वेळी वाटेवर आमच्याशिवाय कोणीही नव्हते. झाड नाही, म्हणून पानांची सळसळ नाही, वारा पडलेला, पायाखालच्या खड्यांचा आवाज थांबला की आपल्याच कानातले ठोके ऐकू येतात. इतकी शांतता मी माणदेशातल्या भर दुपारीही अनुभवलेली नाही. डोंगरांचे रंग वळणागणिक बदलत होते: आधी गव्हाळ, मग गेरू, मग वाळलेल्या जांभळासारखा काळसर जांभळा. उंचावर हिमाची कडा. आणि खाली, फार खाली, नदी.

ती नदी दादामुळे मला दिसली. तो वळणावळणावर थांबून काठी टेकी आणि सांगू लागे. "बघ, पात्र किती रुंद आहे आणि पाणी किती थोड्या जागेतून वाहतंय. डोंगर झिजून इतका गाळ येतो की नदीला तो वाहून नेणं जमत नाही. मग ती स्वतःच्याच गाळात अडते, फुटते, पुढे पुन्हा एकत्र येते. वेणी घातल्यासारखी." पुढच्या वळणावर त्याने वही काढून वेळ टिपली. "आत्ता पाणी कमी आहे. दिवसा ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. आपल्याकडच्या नदीला पावसाळा असतो, हिला रोजचा पावसाळा आहे." बऱ्याच महिन्यांनी तो इतके बोलत होता. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते.

पाऊण तास झाला असेल. संगम पूर्ण उघडा दिसेल अशा एका सपाट जागी तो पुन्हा थांबला, पण या वेळी काहीच बोलला नाही. वही हातात होती, पेन्सिल उघडी होती आणि तो नदीकडे नव्हे, स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की गेला पाऊण तास आपला भाऊ नदीसाठी थांबत नव्हता. तो थांबत होता दमासाठी. नदीचे वर्णन हे त्याने त्या थांबण्यावर घातलेले पांघरूण होते.

"दादा, डोकं दुखत नाही ना?"

"नाही गं. चल."

मी त्याच्या समोर जाऊन बसले. दवाखान्यात खुर्ची पुढे ओढून बसते तशी. आणि विचारले, "कधीपासून दुखतंय?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "रात्री दोनपासून. मळमळतंय पण थोडं."

मला राग आला. त्याचा आला असे त्या वेळी वाटले. "सांगितलं का नाहीस?" त्यावर तो म्हणाला, "तुझं तळं राहिलं असतं." लगेच पुढे, "तू जाऊन ये. आता थोडंच राहिलंय. मी इथे बसतो, नदी बघतो."

आता जे लिहिते आहे, ते लिहायला सोपे नाही. मी उठले आणि निघाले. पाणी त्याच्याजवळ ठेवले, माझे जाकीट त्याच्या खांद्यावर टाकले आणि वीस-पंचवीस पावले वर चढले. तळ्यात मणिरंग शिखराचे प्रतिबिंब पडते, असे आदल्या रात्री आजींच्या नातवाने सांगितले होते. अर्ध्या तासात परत येता येईल, असा हिशेब मी करत होते. मग मागे वळून पाहिले. एवढ्या मोठ्या डोंगरउतारावर तो एक लहानसा ठिपका होता आणि तो ठिपका मला हात करून "जा, जा" म्हणत होता. नऊ वर्षे आम्ही सगळ्यांनी हेच केले होते. तो "जा, मी आहे" म्हणायचा आणि आम्ही जायचो.

मी खाली आले.

त्या सपाट जागेवर काठीने एक सरळ रेघ ओढली आणि त्याला टाचेला बोट लावत तिच्यावरून चालायला सांगितले. तोल जात नव्हता. बसल्या जागी धाप नव्हती, खोकला नव्हता, बोलणे सुसंगत होते. म्हणजे प्रकरण अजून सौम्य होते. दहा मिनिटे बसून, घोट-घोट पाणी पिऊन, आम्ही हळूहळू गावात उतरलो. डोकेदुखीवर पॅरासिटामॉलची एक गोळी दिली, सामान गाडीत टाकले आणि तासाभरात ताबोला, म्हणजे सहाशे मीटर खाली आलो. संध्याकाळपर्यंत डोके उतरले. रात्री तो पोटभर जेवला आणि चहाही मागून घेतला.

वाचकांसाठी यातले वैद्यक थोडक्यात सांगते. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के, राहते. पण हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. धनकरच्या उंचीला समुद्रसपाटीच्या तुलनेत दोन-तृतीयांशाहूनही कमी. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत, तर डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, थकवा, चक्कर अशी लक्षणे दिसतात. यालाच अल्टिट्यूड सिकनेस म्हणतात. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही तो होतो, कारण पायांचा सराव वेगळा आणि विरळ हवेचा सराव वेगळा. साधारण ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा संकेत आहे. मी खोडलेल्या दोन रात्री म्हणजे हेच थांबणे होते. आणि ऑक्सिमीटरचा चांगला आकडा हा आजार नाकारण्यास पुरेसा नसतो. त्या रात्री माणसाने अर्धा वाडगा बाजूला सारला होता. मी मात्र यंत्राकडे पाहिले.

लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये, हा पहिला नियम. ती वाढत असतील तर खाली उतरावे, हा दुसरा. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप किंवा सततचा खोकला दिसला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी खाली न्यावे आणि रुग्णालय गाठावे. आणि डोके दुखणाऱ्याला कधीही एकटे सोडू नये. हा नियम मला पाठ होता. तरीही मी पंचवीस पावले चालले.

साठीनंतर अशा वाटांवर जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. नुसते वय हे विरळ हवेच्या आजाराचे कारण नव्हे. मात्र हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, काबूत नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्यावाचून बेत आखू नये. नेहमीची औषधे मनाने बंद करू नयेत आणि उंचीसाठीच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. झोपेची गोळी आणि मद्य टाळावे. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत वाळतो; शिवाय वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठराविक वेळाने थोडे-थोडे पाणी प्यावे. पाण्यावर बंधन असलेल्या रुग्णांनी त्याचे प्रमाण आधी विचारून घ्यावे. उंचीबरोबर उन्हातील अतिनील किरण वाढतात. रुंद काठाची टोपी आणि चांगला गडद चष्मा हवाच. उतारावर गुडघ्यांसाठी काठी हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळापत्रकात एक दिवस रिकामा हवा, जो कोणत्याही दरडीसाठी खर्च करायचा नाही.

पण यासाठीच मी हा लेख लिहिलेला नाही. घरी परतल्यापासून मला माझा एक प्रश्न सारखा ऐकू येतो. "काही त्रास नाही ना?" तीस वर्षे मी तो रुग्णांना विचारत आले, घरोघरी मुले-सुना तो वडीलधाऱ्यांना विचारतात. त्यातला शेवटचा "ना" नीट ऐकावा. तो उत्तर विचारत नाही, उत्तर सांगतो. "नाही म्हण, म्हणजे मला पुढे जाता येईल" असे तो सांगतो. आणि आयुष्यभर दुसऱ्यांची सोय पाहिलेली माणसे तो इशारा बरोबर ओळखतात. त्यातही ज्याने आजाऱ्याची सेवा केली आहे, त्याला तर स्वतःचे दुखणे म्हणजे घरातली अडचण वाटते. तो खोटे बोलत नसतो. तो आपल्याला वाट मोकळी करून देत असतो.

म्हणून आता मी वेगळे विचारते. "काल रात्री किती वेळा जाग आली?" "कालच्यापेक्षा आज कुठे जास्त दुखतंय?" "जेवण किती उरलं?" असे प्रश्न की ज्यांना "नाही" हे उत्तर होत नाही. आणि विचारताना बसते. उभ्याने, दारात चप्पल घालता घालता विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. सोबत आलेल्या मुलीला, सुनेला, नवऱ्यालाही शेवटी एकदा विचारते, "आणि तुमचं?" बहुतेक जण आधी चमकून पाहतात.

ताबोला आम्ही पुढे दोन रात्री राहिलो. तिथला मठ इसवी सन ९९६ मधला. बाहेरून पाहिले तर मातीच्या साध्या, बुटक्या भिंती. आत अंधार, आणि डोळे सरावले की त्या अंधारातून उगवणारी हजार वर्षांपूर्वीची चित्रे. दादा आत बराच वेळ बसून राहिला. बाहेर आलो तेव्हा ऊन उतरले होते. नदीचा आवाज सकाळपेक्षा मोठा येत होता; दिवसभराचे वितळलेले पाणी पोहोचले होते. तो ऐकत उभा राहिला आणि एकाएकी म्हणाला, "काल उतरताना तू प्रत्येक उंच पायरीला उजवाच पाय आधी टाकत होतीस."

"असेल."

"कधीपासून दुखतोय गुडघा?"

"काही नाही रे" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि तो पायरीवर बसला. मीही बसले.

"दीड वर्ष झालं," मी म्हणाले.

"फोटो काढला?"

"नाही अजून."

दादाने खिशातून वही काढली. पाण्याच्या नोंदीखाली त्याने 'गुडघा, उजवा, दीड वर्ष' असे लिहिले आणि पुढे तारीख घातली. मग ती वही मी काढून घेतली आणि त्या ओळीखाली आदल्या दिवसाची तारीख घालून लिहिले: 'दादा. डोके, रात्री दोनपासून.'